दुधाच्या दाढेवरील कडे व त्याचे सिमेंट

दुधाची पहिली दाढ किडीमुळे अकाली काढावी लागली, की मागची दाढ हळूहळू पुढे कलू लागते आणि दहाव्या-अकराव्या वर्षी तेथे उगवावयाच्या उपदाढेची जागा आक्रसते. ती जागा राखण्यासाठी मागच्या दाढेवर पोलादी कडे बसवून त्यास तारेचा फास जोडतात. फासाचे टोक सुळ्यास टेकते. जोडकाम क्वचित तुटते. परंतु हे साधन निकामी होते ते बहुधा कडे सुटल्यामुळे. म्हणून सिमेंटच्या निवडीचा विचार अगत्याचा ठरतो.

'चिकटणे' हे एकच क्रियापद आपण दोन भिन्न व्यापारांना लावतो, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात असलेले झिंक फॉस्फेट सिमेंट वस्तुतः चिकटत नाही. खडबडीत पृष्ठांच्या खाचांत ते पाचरीसारखे अडकते. घट्ट होताना ते उष्णता सोडते, म्हणून पूड थंड काचेवर थोडी थोडी घेऊन पसरून घोटावी लागते. दंतवल्काशी त्याचा रासायनिक बंध नसतो. तसा बंध साधणारे पहिले सिमेंट म्हणजे डेनिस स्मिथ यांनी 1968 मध्ये पुढे आणलेले पॉलिकार्बोक्झिलेट. त्यातील अम्ल दातातील कॅल्शियमशी जुळते. मात्र ते फार लवकर घट्टावते.

विल्सन व केंट यांनी 1972 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्लास आयोनोमरमध्ये विशिष्ट काचेची पूड व पॉलिअ‍ॅक्रिलिक अम्ल यांचा संयोग होतो. तेही दंतवल्काशी जुळते, शिवाय फ्लोराइड सोडीत राहते. तथापि त्याचे खरे महत्त्व कडे सुटल्यावर कळते. झिंक फॉस्फेट बहुधा दातापासून सुटून कड्यातच राहते व दात उघडा पडतो. ग्लास आयोनोमर बहुधा धातूपासून सुटते आणि दातावर त्याचा थर शिल्लक राहतो. कडे पूर्ण निघाले तर मूल वा आई ते लगेच ओळखते. अर्धवट सैल झालेले कडे मात्र जागेवरच दिसते आणि त्याच्या आड अन्न व अम्ल साचून दंतवल्कावर पांढरे डाग पडतात. अशा वेळी तो उरलेला थर हेच दाताचे संरक्षण होय. धातूची बाजू दुबळी असल्याने कड्याचा आतील पृष्ठ अ‍ॅल्युमिनाच्या बारीक कणांच्या माऱ्याने खरबरीत केल्यास पकड वाढते.

ग्लास आयोनोमरचा दोष असा, की प्रारंभीची ओल त्यास सोसत नाही. आणि मुलाच्या तोंडात मागची दाढ कोरडी राखणे हे मोठ्या जिकिरीचे काम! रेझिनमिश्रित ग्लास आयोनोमर या बाबतीत अधिक सोशिक व बळकट असते. पण पोलादातून प्रकाश जात नाही, हे विसरून चालणार नाही. कड्यासाठी प्रकाशावाचूनही घट्ट होणारा प्रकारच घ्यावा लागतो. शिवाय अतिबळकट सिमेंट पुढे कडे काढताना त्रास देते. सैल मापाच्या कड्याचे उणेपण मात्र यांपैकी कोणतेच भरून काढीत नाही; माप न जुळल्यास दुसरे कडे घ्यावे.