प्रदर्शनासाठी तंबू घेताय? आधी वजनाचे बघा

आपल्या कारागीर बंधूंपैकी पुष्कळांचा माल आता दुकानापेक्षा मैदानावर जास्त विकला जातो. कॉलेजच्या पटांगणातले हस्तकला प्रदर्शन, सोसायटीच्या आवारातला रविवारचा बाजार, उर्सची जत्रा, रमजानमधले रस्त्याकाठचे स्टॉल, अशी ही विक्री चालते. सूरजकुंडचा मेळा किंवा दिल्ली हाट यांसारख्या ठिकाणी गाळा आयता मिळतो. मात्र लहान प्रदर्शनात आयोजक फार तर दहा बाय दहा फुटांची जागा आखून देतात. डोक्यावरचे छत ज्याचे त्याने आणायचे. हे छत कसे निवडावे याविषयी आमच्याकडे सारखी विचारणा होते, म्हणून या वेळी त्यावर थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आधी आमच्या डोळ्यांदेखत घडलेली एक गोष्ट सांगतो. मार्च 2023 मध्ये राज्यात ठिकठिकाणी अवकाळी पाऊस झाला. त्याच दिवसांत मराठवाड्यातल्या एका मैदानावर प्रदर्शन होते आणि आम्ही तेथे हजर होतो. औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, हिमरू विणणारे एक वयस्क कारागीर पुतण्याला घेऊन आले होते. तंबू कोराकरकरीत होता, पंधरवड्यापूर्वीच बाजारातून घेतलेला. दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडून धूळ उठली. शाली खराब होतील म्हणून त्यांनी तिन्ही बाजूंचे पडदे सोडून गच्च बांधले. शेजारच्या चपलावाल्याने हाक मारून सांगितले, “चाचा, पडदे उघडा, वारा कोंडेल.” चाचा म्हणाले, “धूळ बसली तर माल कोण घेईल, बेटा?” त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे त्या घडीला आम्हालाही वाटले नाही. पाचेक मिनिटांत वाऱ्याचा एकच झोत आला आणि सगळा तंबू चारही पायांसकट उचलला गेला. मधली वाट ओलांडून तो समोरच्या बांगड्यांच्या स्टॉलवर जाऊन पडला. पुतण्याने एक पाय धरून ठेवला होता, त्याचा तळहात फाटला. मागोमाग पाऊस आला. हिमरूत सुताबरोबर रेशीम असते. भिजलेल्या शालींवर पाण्याचे डाग उमटले ते गेले नाहीत. तंबूचे नुकसान त्यामानाने किरकोळ होते. पाच-सहा महिन्यांची विणाई गेली, वर बांगडीवाल्या बाईंची भरपाई अंगावर आली.

चपलावाल्याचा तंबू मात्र जागच्या जागी उभा होता. छताला तीन ठिगळे होती, एक पाय वाकून सरळ केलेला होता. पण प्रत्येक पायाला मुरमाने भरलेला रंगाचा डबा जखडून बांधला होता, आणि धूळ उठताच त्याने पडदे वर गुंडाळले होते.

तंबू पडेल या भीतीने आपण मजबूत पाइप शोधतो. प्रत्यक्षात हलका तंबू आधी उडतो आणि मग पडताना मोडतो. म्हणून तंबूच्या भावात वजनाचा खर्च आधीच धरावा, असे आमचे सांगणे आहे.

याचा ढोबळ हिशोब मांडून पाहू. वारा ताशी 36 किलोमीटर असेल तर समोरच्या एक चौरस मीटर कापडावर साधारण 6 किलोचा दाब येतो. वेग दुप्पट झाला, म्हणजे 72 वर गेला, की दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो, म्हणजे सुमारे 25 किलो. तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच असा एक पडदा सहा चौरस मीटरचा होतो. 36 च्या वाऱ्यात त्यावर 37 किलो जोर पडतो, 72 च्या वाऱ्यात दीडशे किलो. हे फक्त एका पडद्याचे झाले. तीन बाजू बंद आणि एक उघडी ठेवली की आत शिरलेला वारा छताला खालून वर उचलतो, ते वेगळेच. कोकणातल्या आमच्या खलाशी बंधूंना शिडाचा हा खेळ सांगावा लागत नाही. आपल्या सांगाड्याचे स्वतःचे वजन मात्र वीस ते तीस किलोच असते.

तेव्हा दहा बाय दहाच्या तंबूला दर पायाला किमान 18 ते 20 किलो वजन हवेच. पाण्याचे कॅन भरून बांधण्याची पद्धत सोपी आहे, पण दहा लिटरच्या कॅनचे वजन दहा किलोच भरते. तेवढ्याच मापाच्या बादलीत कोरडी वाळू पंधरा-सोळा किलो बसते. आम्हाला सर्वांत पसंत पडलेला उपाय प्लंबरच्या दुकानात मिळतो. चार इंची पीव्हीसी पाइपचे तीन फुटांचे चार तुकडे घ्यावेत, खालचे तोंड बंद करून काँक्रीट भरावे आणि वरच्या तोंडात ते ओले असतानाच लोखंडी कडी रोवावी. एक तुकडा अठरा किलोच्या आसपास भरतो, पायाला लागून उभा राहतो, जागा अडवत नाही आणि गिऱ्हाइकाच्या पायात येत नाही. दोर तंबूच्या वरच्या कोपऱ्यातून, सांध्यापासून घ्यावा. खालचे टोक पायाला आवळावे, नाहीतर वाऱ्यात तोच पाइप झोके घेऊन कोणाचे तरी गुडघे फोडील. सुट्या विटा पायावर रचून काम भागत नाही. पाय वर उचलला गेला की विटा बाजूला पडतात.

खुंट्यांवर विसंबणाऱ्यांनी जमीन पाहावी. मुरमाड जमिनीत लांब लोखंडी खुंटी चांगली धरते, मात्र ती उभी न ठोकता तिचे डोके तंबूपासून बाहेर झुकलेले ठेवावे. काळी माती फसवी असते. कोरडी असताना दगडासारखी वाटते आणि पहिल्या सरीनंतर खुंटी हाताने निघते. डांबर, फरशी, पेव्हर ब्लॉक यांवर तर खुंटीचा प्रश्नच नाही. शहरातली बरीच प्रदर्शने अशाच जागी भरतात, म्हणून खुंट्या असल्या तरी वजन बरोबर ठेवावेच. दोराला रंगीत चिंधी बांधावी, म्हणजे कोणी अडखळत नाही.

आता सांगाडा. बाजारात याला गझिबो, कॅनोपी किंवा नुसते फोल्डिंग टेंट म्हणतात. लोखंडी सांगाडा जड आणि स्वस्त असतो, पण पावडर कोटिंग उडाले की गंजतो. अॅल्युमिनियमचा हलका, न गंजणारा आणि महाग. ज्याला दर आठवड्याला बसच्या टपावर किंवा रिक्षात घालून न्यायचा आहे त्याने अॅल्युमिनियमचा विचार करावा. ज्याचा स्वतःचा टेम्पो आहे त्याला लोखंडाने काही अडत नाही. मात्र पाइप बाहेरून जाड दिसला म्हणजे झाले असे नाही. टोकाची प्लास्टिकची टोपी काढायला लावून पत्र्याची जाडी बघावी. ती एक मिलिमीटरच्या आत असेल तर आम्ही तरी तो घेणार नाही.

सांगाडा पाइपात क्वचितच मोडतो, मोडतो तो सांध्यात. कात्रीसारख्या उघडमिट करणाऱ्या पट्ट्या जेथे पायाला मिळतात तेथे स्वस्त मालात ठिसूळ प्लास्टिकचा तुकडा असतो, बऱ्या मालात जाड नायलॉनचा किंवा धातूचा. पट्ट्या रिबेटने जोडल्या आहेत की नट-बोल्टने, हेही बघा. बोल्ट असेल तर पट्टी बदलता येते. दुकानदाराला सरळ विचारावे की सुटा सांधा आणि सुटी पट्टी तुमच्याकडे मिळेल का. तो घुटमळला तर दुसरे दुकान बघावे. तंबू गुंडाळलेला घेऊ नये. दुकानासमोर उभा करायला लावावा आणि एक पाय धरून हलवावा. समोरचा पाय डुगडुगला तर भाव कितीही पाडून दिला तरी तो माल आपल्या कामाचा नाही. आणि बिल पक्के घ्यावे. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांनी त्यावर आपला नंबर घालून घ्यावा.

कापडाबाबत दुकानदार डेनियरचा आकडा फेकतो. डेनियर म्हणजे 9000 मीटर सुताचे ग्रॅममधले वजन, हे मालेगाव-भिवंडीच्या विणकरांनी आम्हाला शिकवायचे, आम्ही त्यांना नव्हे. 300 पेक्षा 600 डेनियरचे कापड जाड आणि टिकाऊ, एवढे खरे. पण पाणी अडवते ते आतल्या बाजूचे लेपण, आणि पाणी झिरपते ते शिवणीतून. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असावी. खात्री करायची तर तांब्याभर पाणी शिवणीवर ओतावे आणि थोडा वेळ थांबावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

छत मधोमध उंच आणि चांगल्या उताराचे हवे. ढिल्या कापडात कोपऱ्याशी पाणी साचते. एक चौरस मीटर जागेत पाच सेंटिमीटर पाणी साचले तर ते 50 लिटर, म्हणजे 50 किलो झाले. कितीतरी तंबू वाऱ्याने नव्हे, तर या पोटाने बसलेले आम्ही पाहिले आहेत. पाऊस सुरू होताच मागचे दोन पाय एक-एक खाच खाली घ्यावेत, म्हणजे पाणी मागे वाहून जाते. कोपऱ्यात आतून बांबूची चिवाटी किंवा पाइपचा तुकडा तिरपा लावला तर कापड ताणलेले राहते.

रंगाकडे आपले लोक फारसे लक्ष देत नाहीत, आणि कापडवाल्यांचे त्यात नुकसान होते. लाल छताखाली पांढरी शाल गुलाबी दिसते, निळ्या ताडपत्रीखाली पिवळा हिरवट होतो. गिऱ्हाईक शाल उन्हात नेऊन बघते, तेथे रंग वेगळा दिसतो आणि मनात शंका येते. कापड, भरतकाम, मीनाकाम विकणाऱ्यांनी पांढरे किंवा फिकट छत घ्यावे. बिदरीच्या काळ्या भांड्यांवरचे चांदीचे कामही पांढऱ्या उजेडातच उठून दिसते. पांढरे लवकर मळते हे खरे, पण धुता येते.

मालाच्या दांड्या छताच्या पट्ट्यांना टांगू नयेत. त्या पट्ट्या कापड तोलायला आहेत, पन्नास चादरी तोलायला नव्हेत. दिव्यासाठी तापणारा हॅलोजन लावू नये, एलईडी लावावा. कापडाखाली स्टोव्ह तर नकोच.

तरीही एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. चारही पायांना मिळून ऐंशी किलो बांधले तरी 72 किलोमीटरच्या वाऱ्यापुढे असा तंबू टिकणार नाही, हे वरच्या हिशोबावरूनच दिसते. 13 मे 2024 रोजी मुंबईत धुळीचे वादळ झाले तेव्हा घाटकोपरला लोखंडी खांबांवरचे अवाढव्य होर्डिंग कोसळून 17 माणसे गेली. तेथे आपल्या गझिबोची काय कथा? वजन नेहमीचे झोत सोसण्यासाठी आणि मोठ्या वाऱ्याआधी आवराआवर करायला वेळ मिळावा यासाठी असते. लहान झाडे डोलू लागली की वारा 30 च्या पुढे गेला असे समजावे आणि पडदे उघडावेत. मोठ्या फांद्या हलू लागल्या की तो 40 च्या घरात आहे. तेव्हा गिऱ्हाईक समोर असले तरी माल पेटीत घालावा, पाय खाली घ्यावेत आणि छताचे कापड सोडवावे. विजा चमकत असतील तर धातूच्या सांगाड्याखाली थांबू नये, पक्क्या इमारतीत जावे. हवामान खात्याचे तीन तासांपुरते इशारे आता फोनवर येतात, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे अॅप जवळ पडणाऱ्या विजेची सूचना देते. दोन्ही फोनमध्ये असावीत.

आवरायला दोन माणसे लागतात. जुम्म्याच्या नमाजला जाताना तंबू एकट्या पोरावर सोडावा लागत असेल तर आधी पडदे गुंडाळून जावे. उर्सच्या जत्रा करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. खुलताबादचा उर्स चंद्राच्या महिन्याने येतो आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. काही वर्षे थंडीत निभावलेला तंबू पुढे भर पावसाळ्यात उभा करावा लागतो. रमजानच्या स्टॉलचेही तसेच.

वर्षातून दोन-तीनच प्रदर्शने करणाऱ्याने तंबू विकत घेण्याची घाई करू नये. गावातल्या मंडपवाल्याकडून खड्डे घेऊन उभा केलेला बांबूचा मांडव पुष्कळदा फोल्डिंग तंबूपेक्षा भक्कम निघतो, आणि ओले कापड वाळवण्याची जबाबदारी त्याची. स्वतःचा असेल तर घरी आल्याबरोबर तो उलगडून वाळवावा. ओला गुंडाळलेला तंबू बुरशी धरतो आणि लेपण सोलून निघते.

हिमरूचे ते चाचा गेल्या हिवाळ्यात पुन्हा भेटले. तंबू दुसरा होता, जुनाच घेतलेला, सांधे धातूचे. चार कोपऱ्यांना काँक्रीटचे चार पाइप, हिरवा रंग दिलेले. टेम्पोवाला त्या पाइपांचे भाडे वेगळे मागतो अशी त्यांची तक्रार होती. पुतण्या पडद्यांच्या दोऱ्यांची गाठ एका हिसक्यात सुटते की नाही ते तपासत होता.