घरचा व्हिडिओ मध्येच अडकतो तेव्हा

सेलूतल्या लग्नाचं चित्रीकरण घरच्या संगणकावर ठेवून जेलिफिन किंवा प्लेक्स या मीडिया सर्व्हर ॲपमधून टीव्हीवर लावलं आणि चित्र अडकलं, की आपण इंटरनेटला दोष देतो. पण ही फाइल संगणकातून राउटरमार्फत थेट टीव्हीवर जाते. बाहेरच्या इंटरनेटचा वेग इथे आड येत नाही.

खरी अडचण बहुधा कोडेकची, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीची असते. २०१३ साली आलेला एच.२६५ हा कोडेक अनेक जुन्या टीव्हींना उलगडता येत नाही. मग व्हिडिओ चालू असतानाच संगणक तो एच.२६४ या जुन्या कोडेकमध्ये बदलत बसतो. यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात. परभणीच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, तापलेला जुना प्रोसेसर स्वतःचा वेग आणखी कमी करतो.

ॲपमध्ये ‘डायरेक्ट प्ले’ दिसत असेल, तर रूपांतर होत नाहीये; मग अडचण वायफायची असू शकते, म्हणून त्याऐवजी केबल जोडून पाहा. ‘ट्रान्सकोड’ दिसलं, तर हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने एकदाच एच.२६४ प्रत करून ठेवा. मराठी सबटायटलच्या जागी भलतीच अक्षरं आली, तर सबटायटलची फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा.

व्हिडिओची मूळ फाइल मात्र कधीही पुसू नका, आणि तिची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा.