रुपयातले बारा आणे

काका रक्ताच्या उलट्या होऊन गेले. आजार यकृताचा आणि रक्त अन्ननलिकेतून, याचा मेळ त्या रात्री आम्हाला कुणी लावून दिला नाही. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही, त्याच्याबद्दल गल्लीत कुजबुज मात्र झाली. ती मला फार लागली. म्हणून ओळखीच्या एक मॅडम, ज्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवतात, ‘या, दाखवते’ म्हणाल्या तेव्हा परवानगी काढून मी त्यांच्या डिसेक्शन हॉलमध्ये गेले.

फॉर्मालिन नाकाच्या आधी डोळ्यांना झोंबतं. टेबलाशी हॉलचे मदतनीस मामा उभे होते. देह आला की मांडीच्या धमनीतून औषध भरणं, तो टाकीत ठेवणं, तासाआधी काढून मांडणं ही सगळी कामं त्यांची. मुलं ‘बॉडी’ म्हणतात. मामा ‘बाबा’ म्हणतात. ‘बाबांच्या अंगावरचं फडकं वाळू द्यायचं नाही,’ एवढंच ते मुलांना बजावत होते.

पोट आधीच उघडलेलं होतं. आतड्यांवरचा चरबीचा जाळीदार पदर मॅडमनी वर सारला, जठर उचललं आणि चिमट्यानं मऊ ऊती बाजूला करत त्या पाठीच्या कण्यापर्यंत गेल्या. तिथं महाधमनीतून पुढच्या बाजूला एकाखाली एक अशा तीन धमन्या निघतात. वरची सिलिअॅक ही जेमतेम बोटाच्या पेराएवढी. तिच्या फाट्यांवर जठर, यकृत आणि पाणथरी जगतात. मधली सुपीरियर मेसेंटेरिक जवळजवळ सगळं लहान आतडं आणि मोठ्या आतड्याचा निम्म्याहून अधिक भाग पोसते. उरलेलं खालचीकडे. पाणथरीकडे जाणारी धमनी स्वादुपिंडाच्या वरच्या कडेनं घाटातल्या रस्त्यासारखी वळणं घेत जाते. ती मी कितीतरी वेळ पाहत राहिले.

‘रक्त येतं तीन वाटांनी,’ मॅडम म्हणाल्या, ‘परत जाताना वाट एकच.’ स्वादुपिंडाच्या मानेमागून त्यांनी चिमटा घातला आणि करंगळीएवढी जाड, काळपट शीर हलकेच उचलून धरली. पोर्टल व्हेन. लांबी जेमतेम आठ सेंटिमीटर. जठरापासून गुदाशयाच्या वरच्या भागापर्यंतचं सगळं रक्त, अन्नातून शोषलेला रस घेऊन, हिच्यातून आधी यकृतात जातं आणि तिथून पुढे हृदयाकडे. यकृताला स्वतःची धमनी आहे, पण तिचा वाटा थोडा.

‘रुपयातले बारा आणे या शिरेतून,’ मागून मामा म्हणाले. मुलं हसली. मॅडम म्हणाल्या, ‘बरोबर आहे. तीन चतुर्थांश.’

बारा आणे. यकृत निबर झालं की हे बारा आणे आत शिरू शकत नाहीत. तुंबलेलं रक्त आडवाटा शोधतं, आणि त्यांतली एक जठराच्या वरच्या टोकाकडून अन्ननलिकेच्या तळाशी जाते. तिथल्या शिरा पातळ. त्या फुगतात आणि एक दिवस फुटतात. यकृत निबर व्हायला दारूच लागते असं नाही. ‘बी’ आणि ‘सी’ प्रकारच्या काविळीनं होतं, यकृतात साठलेल्या चरबीनंही होतं. हे सगळं मॅडमनी त्या शिरेवर बोट ठेवून सांगितलं. काका गेल्यावर मला पहिल्यांदा कुणीतरी नीट उत्तर दिलं, आणि ते ज्यांच्या देहावर दाखवलं त्या बाबांचं नावही मला माहीत नाही.

चित्रात हे दिसतं, पडद्यावरही दिसतं. पण ती शीर बोटाखाली किती मऊ लागते, हे चित्र सांगत नाही. डॉक्टर होणाऱ्या मुलांच्या हाताला हे कळायलाच हवं, असं माझं ठाम मत झालं.

तास संपला. मुलं हात धुवायला पळाली. मामांनी आतडी जागच्या जागी बसवली, फडकं भिजवून पिळलं आणि गळ्यापासून पावलांपर्यंत नीट पांघरलं.

बाबांनी हयातीत देहदानाचा अर्ज भरला होता, पण देह इथवर आणला तो त्यांच्या मुलांनी. अर्ज कितीही आधी भरलेला असो, त्या दिवशी घरच्यांनी कळवलं नाही तर तो कागदच राहतो. तुमच्या मनात देहदान असेल तर घरात आजच बोलून ठेवा.