विमानप्रवासात श्वानाची जात का विचारली जाते?

नोकरीतील बदली, परदेशातील शिक्षण किंवा कायमचे स्थलांतर अशा कारणांनी घर हलविणाऱ्या कुटुंबांपुढे सामानाइतकाच मोठा प्रश्न असतो तो घरातील कुत्र्याचा. तिकिटाची चौकशी करताना अनेकांना प्रथमच कळते की, कुत्र्याचे वजन आणि पिंजऱ्याचे माप यांच्याही आधी विमान कंपनी त्याची जात विचारते. पग, बुलडॉग, बॉक्सर, शिह त्झू अशा जातींना सामानकक्षातून नेण्यास जगातील अनेक कंपन्या नकार देतात. पिटबुल, टोसा किंवा रॉटवायलर यांच्या मालकांनाही बहुधा असाच नकार ऐकावा लागतो. दोन्ही नकार एकाच नियमावलीत शेजारी-शेजारी छापलेले असल्यामुळे त्यांचे कारणही एकच असावे, असा समज होतो. वास्तविक ही कारणे पूर्णतः भिन्न आहेत. पहिल्या गटातील श्वान प्रवासात दगावण्याचा धोका असतो, तर दुसऱ्या गटातील श्वानांपासून इतरांना धोका आहे असे मानले जाते.

पहिल्या गटाची अडचण समजून घेण्यासाठी कुत्र्याच्या श्वसनाकडे पाहावे लागेल. माणसाप्रमाणे सर्वांगाला घाम येऊन कुत्र्याचे शरीर थंड होत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी प्रामुख्याने पंजांच्या तळव्यांपुरत्या मर्यादित असतात. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग होय. जलद श्वासाबरोबर जीभ, तोंड आणि नाकातील ओलाव्याचे बाष्पीभवन होते व रक्त थंड होते. लांब नाकाच्या कुत्र्याला ही क्रिया सहज साधते. पग किंवा बुलडॉग यांच्या बाबतीत मात्र पिढ्यान्‌पिढ्या चपटा चेहरा निवडून पैदास करण्यात आली. त्यामुळे चेहऱ्याची हाडे आखूड झाली. आतील मऊ भाग मात्र त्या प्रमाणात आखूड झाले नाहीत. नाकपुड्या अरुंद राहिल्या, टाळूचा मागील मऊ भाग घशात लोंबू लागला आणि काही श्वानांमध्ये श्वासनलिकाही मूळचीच अरुंद असते. असा कुत्रा उन्हात धापा टाकू लागला की, हवा ओढण्याच्या ताणानेच घशातील भागांना सूज येते, सुजेमुळे मार्ग आणखी आक्रसतो आणि त्यामुळे त्याला अधिक जोराने धापा टाकाव्या लागतात. या दुष्टचक्रातून उष्माघात होण्यास फार वेळ लागत नाही. अशा कुत्र्याच्या घोरण्याचे घरात कौतुक होते. पशुवैद्यकाच्या दृष्टीने तो श्वसनमार्गातील अडथळ्याचा आवाज असतो.

सामानकक्षात हवा नसते किंवा तेथे बर्फासारखी थंडी असते, ही समजूत मात्र बरोबर नाही. प्रवासी विमानाच्या पोटातील सामानकक्षात वरच्या प्रवासीकक्षाइतकाच हवेचा दाब राखलेला असतो. सजीव प्राणी ठेवण्याच्या कप्प्यात तापमान नियंत्रणाची सोय असते आणि प्राणी चढविल्याची माहिती वैमानिकाला देण्यात येते. प्रत्येक प्रकारच्या विमानात अशी सोय नसते, म्हणूनच काही मार्गांवर कोणत्याही जातीचा श्वान स्वीकारला जात नाही. तरीही दोन गोष्टी उरतात. उड्डाणादरम्यान विमानातील दाब समुद्रसपाटीसारखा नसून साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवरील हवेइतका असतो. सिमला शहर सुमारे ७,२०० फुटांवर आहे, यावरून कल्पना येईल. निरोगी श्वानाला त्याचे काही वाटत नाही. आधीच कष्टाने श्वास घेणाऱ्याला मात्र ही विरळ हवा जड जाते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. प्राण्याला खरा धोका आकाशात कमी आणि जमिनीवर जास्त असतो. मालगोदामातून विमानापर्यंतचा ट्रॉलीवरील प्रवास, तापलेल्या फरसबंदीवरील प्रतीक्षा, उशिरा सुटणारे विमान, वातानुकूलन सुरू होण्यापूर्वीचा बंद कप्पा या साऱ्या टप्प्यांवर क्रेटमधील हवा झपाट्याने तापते. अमेरिकेच्या प्राणी कल्याण कायद्याखालील नियमांत याची दखल घेण्यात आली आहे. प्राणी ठेवण्याच्या जागेत सुमारे २९.५ अंश सेल्सियसहून अधिक तापमानात त्यांना सलग चार तासांपेक्षा जास्त काळ ठेवता येत नाही आणि विमानापर्यंत ने-आण करताना ही मर्यादा ४५ मिनिटांची आहे. नागपूर किंवा दिल्लीच्या मे महिन्यातील दुपारी हा आकडा किती लवकर ओलांडला जातो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

या धोक्याला आकडेवारीचा आधार प्रथम अमेरिकेत मिळाला. तेथील विमान कंपन्यांना प्रवासात मरण पावलेल्या, जखमी झालेल्या किंवा हरवलेल्या प्राण्यांची माहिती २००५ पासून परिवहन विभागाला द्यावी लागते. मे २००५ ते मे २०१० या काळात १२२ श्वान दगावल्याची नोंद झाली. जुलै २०१० मध्ये या नोंदी जाहीर करताना त्यांपैकी सुमारे निम्मे श्वान आखूड नाकाच्या जातींचे असल्याचे विभागाने स्पष्ट केले. एकट्या इंग्लिश बुलडॉगची संख्या २५ होती आणि पगची ११. लॅब्रेडॉर व गोल्डन रिट्रीव्हर या अमेरिकेतील अतिशय लोकप्रिय जातींचे प्रत्येकी सात श्वान दगावले होते. कोणत्या जातीच्या एकूण किती श्वानांनी प्रवास केला याचा तपशील या अहवालांत नव्हता. त्यामुळे नेमके प्रमाण काढता येत नाही. तथापि बुलडॉगचा आकडा इतका ठळक होता की, अनेक कंपन्यांनी त्यानंतर या जातींना सामानकक्षाची दारे बंद केली. या श्वानांच्या सुरक्षित प्रवासाची व्यवस्था उभारण्यापेक्षा त्यांना नाकारणे कंपन्यांना सोपे व स्वस्त वाटले, अशीही टीका होते. ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

सर्वांत मोठा बदल २०१८ मध्ये झाला. त्या वर्षी मार्च महिन्यात युनायटेड एअरलाइन्सच्या ह्यूस्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात फ्रेंच बुलडॉगचे एक पिल्लू मरण पावले. ते सामानकक्षात नव्हते. प्रवासीकक्षात मालकासोबत असलेली त्याची पिशवी कर्मचाऱ्याच्या सांगण्यावरून डोक्यावरील सामानाच्या कप्प्यात ठेवण्यात आली होती. कंपनीने या घटनेची जबाबदारी स्वीकारली. त्याच आठवड्यात कॅन्सस येथे पोहोचायचा जर्मन शेफर्ड चुकून जपानला पाठविला गेला आणि जगभर टीकेची झोड उठली. २०१७ मध्ये अमेरिकी कंपन्यांच्या विमानांत दगावलेल्या २४ प्राण्यांपैकी १८ युनायटेडच्या सेवेत दगावले होते, ही बाबही त्याच सुमारास चर्चेत आली. त्या वर्षी सर्व कंपन्यांनी मिळून पाच लाखांहून अधिक प्राण्यांची वाहतूक केली होती, हे लक्षात घेता मृत्यूंचे प्रमाण अल्पच होते. परंतु प्रश्न एकाच कंपनीकडे एवढे मृत्यू का, हा होता. कंपनीने मार्चमध्ये नवी नोंदणी थांबविली आणि मे महिन्यात जाहीर केलेल्या सुधारित नियमांनुसार वीसहून अधिक जातींचे श्वान वगळले. या यादीत आखूड नाकाच्या जातींबरोबरच बळकट जबड्याच्या जातींचाही समावेश होता.

भारतात या यादीचा फटका प्रामुख्याने पग पाळणाऱ्यांना बसतो. २००३ मध्ये हच या दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलामागे चालत राहणारा पग घराघरांत पोहोचला आणि त्यानंतर शहरांत या जातीची मागणी कमालीची वाढली. उष्ण हवामानाला सर्वांत कमी अनुकूल असलेल्या जातींपैकी एक जात उष्ण देशात लोकप्रिय व्हावी, हा जाहिरातीचा महिमा म्हणावा लागेल. आपल्याकडील देशी श्वानांना मात्र चेहऱ्याच्या ठेवणीमुळे प्रवासबंदी होत नाही. महाराष्ट्रातील कारवान असो वा कर्नाटकातील मुधोळ, या शिकारी श्वानांचे नाक लांब व श्वसन मोकळे असते. त्यांची अडचण केवळ आकाराची, कारण आसनाखालील पिशवीत ते मावत नाहीत.

दुसऱ्या गटातील जातींचा प्रश्न वैद्यकीय नसून कायद्याचा आहे. ब्रिटनने १९९१ च्या धोकादायक श्वान कायद्याद्वारे पिटबुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर बंदी घातली. २०२३ च्या अखेरीस इंग्लंड व वेल्समध्ये त्यात एक्सएल बुली या प्रकाराची भर पडली आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून सवलतीच्या प्रमाणपत्राविना असा श्वान बाळगणे गुन्हा ठरले. जर्मनीने २००१ च्या कायद्यान्वये पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर व बुल टेरियर देशात आणण्यास मनाई केली. ऑस्ट्रेलियातही डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो, जपानी टोसा, पिटबुल आणि प्रेसा कॅनारिओ यांची आयात निषिद्ध आहे. उतरण्याच्या देशात प्रवेशच नसेल, तर श्वान विमानात घेण्याची जोखीम कंपनी पत्करत नाही. ज्या देशात विमान बदलायचे आहे, तेथील नियमांचाही विचार करावा लागतो. जेथे बंदी नाही तेथेही अशा श्वानांसाठी दात वा पंजांनी न तुटणारा मजबूत क्रेट अनिवार्य केला जातो.

जातीच्या आधारे श्वानाला धोकादायक ठरविणे कितपत योग्य, याविषयी मतभेद आहेत. ब्रिटिश कायद्यात श्वानाचा प्रकार वंशावळीवरून नव्हे तर बाह्य लक्षणांवरून ठरतो. त्यामुळे संकरित श्वानही कचाट्यात सापडतो. अमेरिकेत हा वाद अपंगांच्या सहाय्यक श्वानांवरून पेटला. डेल्टा एअरलाइन्सने जुलै २०१८ मध्ये पिटबुल प्रकारच्या श्वानांना सहाय्यक श्वान म्हणूनही प्रवेश नाकारला. परिवहन विभागाने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केलेल्या आणि ११ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत केवळ जातीच्या कारणावरून सहाय्यक श्वानाला नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. श्वानाचे प्रत्यक्ष वर्तन पाहूनच निर्णय घ्यावा, अशी भूमिका त्यात आहे. त्याच नियमांनी मानसिक आधारासाठी सोबत ठेवलेल्या प्राण्यांना विनाशुल्क नेण्याचे कंपन्यांवरील बंधन काढून टाकले.

भारतातही असा प्रयत्न झाला होता. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो आदी २३ जातींची आयात, पैदास व विक्री रोखण्यास सांगितले. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेता हे पत्र काढल्याच्या मुद्द्यावर कर्नाटक उच्च न्यायालयाने ते १० एप्रिल २०२४ रोजी रद्द ठरविले. दिल्ली उच्च न्यायालयानेही १६ एप्रिलला तसाच निर्णय दिला.

देशांतर्गत प्रवासाबाबत भारतीय कंपन्यांची धोरणे एकसारखी नाहीत. एअर इंडिया दीर्घकाळापासून पाळीव श्वान स्वीकारत आली आहे. आकासा एअरने नोव्हेंबर २०२२ पासून ही सेवा सुरू केली. त्या वेळी प्रवासीकक्षासाठी पिंजऱ्यासह सात किलोंची मर्यादा होती. इंडिगो सहाय्यक श्वानांखेरीज अन्य पाळीव प्राणी नेत नाही. वजनाच्या मर्यादा व शुल्क वारंवार बदलत असल्याने तिकीट काढण्यापूर्वी कंपनीकडून लेखी खातरजमा करून घेणे श्रेयस्कर. पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र आणि रेबीज लसीकरणाची नोंद सोबत असावी लागते.

परदेशप्रवासाची तयारी काही महिने आधी सुरू करावी लागते. युरोपीय संघात भारतातून श्वान न्यायचा असल्यास त्याला मायक्रोचिप बसविणे, त्यानंतर रेबीजची लस देणे, किमान ३० दिवसांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रक्ताची चाचणी करणे आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणे बंधनकारक आहे. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांहून लहान श्वानांना प्रवेश बंद केला असून भारतासारख्या रेबीजचा अधिक धोका असलेल्या देशांतून येणाऱ्या श्वानांसाठी अटी आणखी कडक आहेत. भारतातून निघताना पशु संगरोध व प्रमाणन सेवेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. उलट दिशेने, परदेशी वास्तव्य संपवून परतणाऱ्या प्रवाशाला जास्तीत जास्त दोन पाळीव प्राणी आणता येतात. त्यासाठी याच सेवेचे ना-हरकत प्रमाणपत्र आगाऊ लागते आणि मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर व हैदराबाद या सहा विमानतळांवरूनच प्रवेश मिळतो.

क्रेटच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेचे, म्हणजे आयाटाचे, सजीव प्राणी नियम प्रमाण मानले जातात. श्वानाला आत नैसर्गिकपणे उभे राहता, वळता व झोपता आले पाहिजे. आखूड नाकाच्या श्वानासाठी क्रेट दहा टक्के मोठा असावा लागतो. नवा क्रेट प्रवासाच्या दिवशीच प्रथम दाखविल्यास श्वान बिथरतो. काही आठवडे आधीपासून त्यातच जेवण व झोप यांची सवय लावल्यास धाप लागण्याचे एक मोठे कारण कमी होते. त्याला शांत ठेवण्यासाठी गुंगीचे औषध देण्याचा मोह अनेकांना होतो. अमेरिकी पशुवैद्यक संघटना त्याविरुद्ध सल्ला देते, कारण अशा औषधाने श्वसन आणि शरीराचे तापमान राखण्याची क्षमता मंदावते, तोलही जातो. बंद कप्प्यात हे कोणाच्या लक्षात येत नाही.

पगसारख्या श्वानाला विमानात जागा न मिळाल्यास देशांतर्गत प्रवासासाठी रेल्वेचा पर्याय उरतो. वातानुकूलित प्रथम वर्गाचा संपूर्ण कुपे किंवा केबिन आरक्षित केल्यास श्वानाला मालकासोबत नेता येते. गार्डच्या डब्यातील श्वानपेटीतूनही वाहतूक होते, परंतु त्या डब्यात वातानुकूलन नसते. उन्हाळ्यात आखूड नाकाच्या श्वानाला तेथे ठेवणे विमानाच्या सामानकक्षाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, घातक ठरू शकते.