मुखपृष्ठावरचा चेहरा

संगीतावरचं नियतकालिक काढणाऱ्याची अडचण पहिल्याच पानावर सुरू होते. माल कानासाठीचा आणि गिऱ्हाईक मात्र डोळ्यांनी गाठायचं. गाणं छापता येत नाही, म्हणून गाणाऱ्याचा चेहरा छापायचा. अमेरिकेतल्या ‘रोलिंग स्टोन’ने या एका चेहऱ्यावर जेवढी मेहनत घेतली, तेवढी क्वचितच कुणी घेतली असेल.

यान वेनर आणि राल्फ ग्लीसन यांनी सॅन फ्रान्सिस्कोत काढलेल्या या नियतकालिकाचा पहिला अंक ९ नोव्हेंबर १९६७चा. किंमत २५ सेंट. वर ‘बीटल्स’मधल्या जॉन लेननचा फोटो, पण हातात गिटार नाही. एका युद्धपटातला, डोक्यावर सैनिकाचं हेल्मेट घातलेला लेनन. त्याच पानावर मॉन्टेरीच्या संगीत महोत्सवातला पैसा कुठे गेला, याची बातमी. थोडक्यात, दिसायला ते वर्तमानपत्रच होतं. नावाची वळणदार अक्षरं काढली रिक ग्रिफिनने. तो रॉक मैफलींची पोस्टरं करायचा आणि त्याने दिलेला कच्चा आराखडाच छापला गेला. पुढे जिम पार्किन्सनने अक्षरं घोटीव केली, पण मूळचं वळण जपलं.

स्टॉलवर अंक एकावर एक रचून ठेवलेले असतात. पुष्कळदा वरची पट्टीच तेवढी दिसते, म्हणून नाव वर असतं. त्याखालच्या माणसाचे डोळे थेट घेणाऱ्याकडे बघत असले तर पुढे जाणारा क्षणभर तरी थबकतो. नाव एकदा लोकांच्या डोळ्यांत बसलं की कलाकाराचं डोकं अक्षरांवर आलं तरी बिघडत नाही. अर्धं झाकलेलं नावही ओळखू येतं. नव्या मासिकाला ही चैन परवडत नाही.

पण छायाचित्रकार ॲनी लीबोविट्झच्या एका फोटोने तर मजकुराचीही गरज ठेवली नाही. ८ डिसेंबर १९८० रोजी ती न्यूयॉर्कमधल्या लेननच्या घरी गेली. नियतकालिकाला एकटा लेनन हवा होता; पत्नी योको ओनोही फोटोत असली पाहिजे, हा लेननचा हट्ट. दोघांनी विवस्त्र व्हावं अशी लीबोविट्झची कल्पना होती, पण योको पूर्ण कपडे उतरवायला तयार नव्हती. तेव्हा लीबोविट्झने तिला आहे तशीच राहायला सांगितलं. काळ्या कपड्यांतल्या योकोला बिलगलेला, अंग मुडपून पडलेला उघडा लेनन, असं ते चित्र जमून आलं. त्याच रात्री लेननचा खून झाला. २२ जानेवारी १९८१च्या अंकावर तो फोटो नावाखाली तसाच छापला, एकही मथळा न देता. काही लिहिलं असतं तर ते उणंच पडलं असतं. अमेरिकेतल्या मासिक संपादकांच्या संघटनेने २००५ साली आधीच्या चाळीस वर्षांतलं सर्वोत्तम मुखपृष्ठ म्हणून त्याचीच निवड केली.

अशा मुखपृष्ठांनी वाचकाच्या मनात एक समीकरण पक्कं केलं: या अक्षरांखाली जो दिसतो तो तारा. २०१३च्या जुलैमध्ये ते अंगाशी आलं. बोस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटांतला आरोपी झोखर त्सारनाएव मुखपृष्ठावर झळकला. कुरळे केस, कोवळा चेहरा, नजर थेट वाचकाकडे. हाच फोटो त्याआधी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर येऊन गेला होता, तेव्हा असं वादळ उठलं नव्हतं. ‘रोलिंग स्टोन’वर तो आला आणि लोक भडकले. सीव्हीएस, वॉलग्रीन्ससारख्या दुकानसाखळ्यांनी अंक विकायला नकार दिला. मथळ्यात त्याला ‘राक्षस’ म्हटलेलं होतं. पण नजर आधी चेहऱ्यावर जाते, मग अक्षरांवर. आणि चेहरा तर गायकासारखा दिसत होता.

आतला लेख गंभीर पत्रकारितेचा आहे, हा संपादकांचा खुलासा खोटा नव्हता. लेख छापायलाच हवा होता. पण पंचेचाळीसहून अधिक वर्षं ज्या जागेवर त्यांनी बहुतेकदा फक्त ओळखीचे चेहरे नव्हे, तर लोकांचे लाडके चेहरे बसवले, तिथे हा चेहरा बसवणं माझ्या मते चूकच होती. तो फोटो आतल्या पानावर जायला हवा होता.