तलावाचा उथळ काठ

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेला देवरी तालुका आणि त्याच्या नैऋत्येचा नवेगावबांध, अर्जुनी मोरगावचा परिसर हा वैनगंगेच्या खोऱ्यातील भात, जंगल आणि तलाव यांचा मुलूख आहे. येथील तलावांकडे शासन सिंचनाची साधने म्हणून पाहत आले असले, तरी निसर्गविज्ञानाच्या दृष्टीने ते पाणथळ, म्हणजे वर्षाचा मोठा काळ पाण्याखाली राहिल्यामुळे स्वतःची वेगळी जीवसृष्टी घडवणारी भूमी आहेत, आणि त्यांचे जतन हा केवळ पाणी साठवण्याचा प्रश्न नाही.

उत्तर युरोपातील उंचावलेल्या पीट दलदलीशी तुलना केल्यास या भूमीचे वैशिष्ट्य स्पष्ट होते. तेथे थंड हवेत, केवळ पावसाच्या आम्लधर्मी पाण्यावर स्फॅग्नम नावाची मऊ हरिता वाढते, ती मेल्यावर प्राणवायूच्या अभावी पूर्ण कुजत नाही आणि वर्षाला साधारण एक मिलिमीटर या गतीने तिचे थर साचत जाऊन आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच असा ‘पीट’चा घुमट तयार होतो. अशा व इतर प्रकारच्या पीटभूमी जगाच्या भूभागाच्या सुमारे ३ टक्केच असल्या, तरी जगातील मातीत असलेल्या कार्बनचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यांच्यात आहे. म्हणून निचऱ्यासाठी पूर्वी खोदलेले चर बुजवून पाणी पुन्हा अडवणे आणि नंतर त्या दलदलीला शक्य तितके एकटे सोडणे, ही तेथील जतनाची रीत ठरते. गोंदियात पाऊस भरपूर पडतो, पण चारच महिन्यांत. पुढे उन्हाळ्यात तलावाचे तळ उघडे पडतात, वनस्पतींचे अवशेष वेगाने कुजून गाळात मिसळतात आणि पीट तयार होत नाही. शिवाय हे तलाव माणसाने बांधले असल्याने त्यांना एकटे सोडून चालत नाही.

गोंड राजांच्या आश्रयाने या भागात आलेल्या कोहळी समाजाने उताराला आडव्या मातीच्या पाळी घालून हे तलाव उभारले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो. ब्रिटिश काळात हे तलाव सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांकडे होते, १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ‘माजी मालगुजारी’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते ‘मामा तलाव’ झाले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून अशा तलावांची संख्या काही हजारांत आहे. मालकी शासनाकडे गेली, पण दरवर्षी पाळीवर माती टाकणारी आणि गाळ शेतात नेणारी गावाची व्यवस्था तिच्याबरोबर गेली नाही, हे नुकसान सर्वांत मोठे मानावे लागेल.

तलावाचे खरे आयुष्य त्याच्या उथळ काठावर असते. पाळीजवळ पाणी खोल असले, तरी विरुद्ध बाजूला जमीन हळूहळू वर चढते आणि तेथे गुडघाभर पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो, त्यामुळे पाण्याखालच्या, तरंगत्या पानांच्या आणि काठावर उभ्या वाढणाऱ्या अशा तिन्ही प्रकारच्या वनस्पती तेथे रुजतात. देवधान नावाचा जंगली भात याच पट्ट्यात उगवतो, कमळपक्षी तरंगत्या पानांवर घरटे करतो, मरळ आणि मांगूर यांसारखे स्थानिक मासे झाडोऱ्याच्या आडोशाने वाढतात आणि महाराष्ट्रातून जवळपास नाहीसा झालेला सारस क्रौंच उथळ पाण्यात किंवा लगतच्या धानाच्या बांधीत गवताचा ढीग रचून बहुधा दोनच अंडी घालतो.

हाच काठ आज सर्वाधिक संकटात आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेली आणि कुंपणासाठी लावली गेलेली बेशरम, जिला गुरे तोंड लावत नाहीत आणि जिच्या फांदीच्या तुकड्यालाही मुळे फुटतात, ती काठ व्यापते. उत्पन्नासाठी सोडलेला गवत्या मासा पाणवनस्पती फस्त करतो. आणि बुडीत क्षेत्रात अतिक्रमण होऊन धान लावले जाते. गाळ काढणे आवश्यकच आहे, परंतु यंत्राने सरळ उभ्या भिंतींचा खड्डा खणला, तर पाणीसाठा वाढूनही उतार नष्ट होतो आणि त्याबरोबर काठाची सारी वनस्पतीही जाते. साठ्याचे घनमीटर मोजणाऱ्या योजनांना हा तोटा दिसत नाही.

यावरचा उपाय याच भागात घडला आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर समाजाच्या, विशेषतः स्त्रियांच्या, सोबतीने बेशरम मुळासकट उपटून, कोरडा तळ नांगरून, त्यात स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाला उपयोगी पडते, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या ढिवरांकडे होतेच. मंडळाने ते कामाचा पाया मानले, आणि हीच गोष्ट या प्रयत्नात सर्वांत मोलाची आहे.

कायद्याचा आधार मात्र तोकडा आहे. केंद्र शासनाच्या २०१७ च्या पाणथळ नियमांतून सिंचनासाठी खास बांधलेले जलसाठे वगळलेले असल्यामुळे शतकानुशतके पाणथळ म्हणून जगलेला मामा तलावही कागदावर पाणथळ ठरणे कठीण जाते. हा आधार मिळेपर्यंत देवरीसारख्या तालुक्यात गावाचे सामाईक वापराचे हक्क नोंदवणारे निस्तारपत्रक, ग्रामसभेचे ठराव आणि मच्छीमार संस्थांशी होणारे ठेक्याचे करार हीच हाताशी असलेली साधने आहेत. त्या करारांत गवत्या मासा न सोडण्याची आणि गाळ काढताना काठाचा उतार राखण्याची अट घालणे ग्रामपंचायत व जिल्हा परिषद यांना आजही शक्य आहे.