फिरत्या तबकडीचे वाद्य

वाद्य म्हटले म्हणजे सतार, बासरी, तबला, सारंगी अशी साधने डोळ्यांपुढे उभी राहतात. ग्रामोफोनला मात्र वाद्य असे कोणी म्हणत नाही. दुसऱ्याने गाइलेले वा वाजविलेले जसेच्या तसे पुन्हा ऐकवावे, एवढेच त्या यंत्राचे काम. तबकडी ठेवावी, सुई टेकवावी आणि दूर बसून ऐकावे. फिरत्या तबकडीस हात लावू नये, ही तर घरातील वडील माणसांची सक्त ताकीद. असे हे यंत्र एके काळी काही गरीब मुलांच्या हाती पडले आणि त्यांनी त्याचेच एक वाद्य करून टाकले. हे वाद्य वाजविणाऱ्यास आज सारे जग ‘डीजे’ म्हणून ओळखते.

डीजे ही ‘डिस्क जॉकी’ या दोन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे होत. डिस्क म्हणजे तबकडी आणि जॉकी म्हणजे शर्यतीच्या घोड्यावरील स्वार. नभोवाणीवर तबकड्या लावून त्यांची माहिती सांगणाऱ्या निवेदकास प्रथम हे नाव मिळाले. पुढे नृत्याच्या मेळाव्यांतून तबकड्या वाजविणाऱ्यासही तेच लागू झाले. महाराष्ट्रात तर मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या उंच भिंतीलाच ‘डीजे’ म्हणण्याची रीत पडली आहे. वस्तुतः डीजे हे यंत्राचे नाव नव्हे, ते कारागिराचे नाव आहे. आणि त्या कारागिराची विद्या मोठा आवाज करण्यात नसून बारकाईने ऐकण्यात आहे. ही विद्या कोणत्याही विद्यालयात जन्मास आली नाही. ती कशी घडत गेली, हे पाहू लागले म्हणजे कोणतीही कला कशी घडते, याचाच उलगडा होतो.

न्यूयॉर्क शहराच्या उत्तर भागास ब्राँक्स असे म्हणतात. 1948 ते 1972 या काळात या वस्तीच्या मधोमध एक प्रचंड राजमार्ग बांधण्यात आला. त्यासाठी हजारो कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली. ज्यांची ऐपत होती ते अन्यत्र गेले. मागे राहिले ते बहुतांशी गरीब लोक. त्यानंतरच्या दशकात तेथील कित्येक इमारती ओस पडल्या, कित्येक आगीत जळाल्या. वाद्य विकत घ्यावे, शिक्षक ठेवावा आणि संगीत शिकावे, हे तेथील मुलांना परवडणारे नव्हते. परंतु घरोघर जुन्या तबकड्या होत्या आणि त्या ऐकणारे कान होते.

क्लाइव्ह कॅम्बेल हा मुलगा 1967 साली, वयाच्या बाराव्या वर्षी, जमैका बेटावरील किंग्स्टन शहरातून आपल्या कुटुंबासह ब्राँक्समध्ये आला. किंग्स्टनमध्ये मोठमोठे ध्वनिवर्धक उघड्यावर मांडून तबकड्यांच्या तालावर नाचण्याचे मेळावे भरत; त्यांचा गजर लहानपणापासून त्याच्या कानी पडलेला होता. शरीराने तो धिप्पाड असल्यामुळे सोबत्यांनी त्यास हर्क्युलीस या ग्रीक वीराचे नाव दिले. त्याचेच पुढे ‘कूल हर्क’ झाले.

1973 सालच्या ऑगस्ट महिन्यात त्याची बहीण सिंडी हिला शाळेच्या नव्या वर्षासाठी कपडे घ्यावयाचे होते. त्याकरिता पैसे उभे करावेत म्हणून तिने आपल्या इमारतीच्या सभागृहात नृत्याचा एक मेळावा भरविला. सेजविक मार्गावरील 1520 क्रमांकाची ती इमारत. मुलींस पंचवीस सेंट आणि मुलांस पन्नास सेंट असे प्रवेशमूल्य होते. 11 ऑगस्टच्या त्या रात्री तबकड्या वाजविण्याचे काम भावाकडे आले. बहिणीच्या कपड्यांसाठी भरलेल्या या मेळाव्यापासूनच पुढे जगभर पसरलेल्या ‘हिप-हॉप’ संगीताचा आरंभ धरला जातो.

हर्क तबकड्या लावी आणि नाचणाऱ्यांकडे लक्षपूर्वक पाही. पाहता पाहता एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. गाणे चालू असता पुष्कळ मंडळी भिंतीशी उभी राहत. गायन थांबून केवळ तालवाद्यांचा ठेका सुरू झाला, की ती सारी धावत पुढे येत. हा ठेका काही क्षणांतच संपे, पुन्हा गायन सुरू होई आणि मंडळी मागे सरत. लोकांना जे हवे होते ते अगदी थोडे होते. ते लांबवावे कसे? त्याने एकाच तबकडीच्या दोन प्रती आणल्या आणि त्या शेजारच्या दोन यंत्रांवर ठेवल्या. पहिलीवरील ठेका संपताच दुसरीवरील तोच ठेका सुरू करावयाचा. तो वाजत असता पहिलीची सुई उचलून पुन्हा ठेक्याच्या आरंभी न्यावयाची. अशा रीतीने काही क्षणांचा ठेका कित्येक मिनिटे चालू राहू लागला.

कोणती तबकडी केव्हा लावावी, हे डीजेचे खरे भांडवल असते. ते दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून हर्कने वडिलांच्या सल्ल्याने तबकड्यांवरील नावांचे कागद पाण्यात भिजवून काढून टाकले होते. तरी त्याच्या पद्धतीत एक उणीव होती. सुई तो नजरेच्या अंदाजाने टेकवी. त्यामुळे एक ठेका संपून दुसरा सुरू होताना ताल चुके. नाचणाऱ्यांची पावले क्षणभर अडखळत.

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण येथे सार्थ झाली. हर्कचे वादन ऐकण्यास येणाऱ्या मुलांत जोसेफ सॅडलर नावाचा एक मुलगा होता. त्याचा जन्म 1958 साली बार्बाडोस बेटावर झाला होता. वडिलांच्या तबकड्यांस हात लावल्याबद्दल त्याने लहानपणी मार खाल्ला होता. घरातील विजेची उपकरणे उघडून त्यांच्या आत काय आहे हे पाहण्याचा त्यास नाद होता; पुढे तो विद्युत्-यंत्रविद्येच्या शाळेतही शिकला. टाकून दिलेल्या यंत्रांचे भाग गोळा करून त्याने आपली सामग्री उभी केली. हर्कच्या वादनातील गोडी त्यास जितकी जाणवली, तितकीच तालातील ती चूकही खुपली.

या चुकीचे निवारण करण्यासाठी त्याने घरातील खोलीत दीर्घकाळ प्रयोग केले. सुई उचलून पुन्हा टेकविण्यापेक्षा ती जागच्या जागी राहू देऊन तबकडीच हाताने मागे फिरवावी, असे त्याने ठरविले. मोठी तबकडी मिनिटास सवातेहतीसहून किंचित अधिक, म्हणजे तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते. म्हणून तिच्या एका फेऱ्यास 1.8 सेकंद लागतात. ठेका नऊ सेकंदांचा असेल, तर तबकडी बरोबर पाच फेरे मागे फिरविली म्हणजे सुई पुन्हा ठेक्याच्या आरंभी येते. फेरे मोजता यावेत म्हणून तो तबकडीवर खडूची खूण करी. मग ती खूण घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरताना स्पष्ट दिसे.

परंतु तबकडी मागे ओढली की तिच्याखालची थाळीही अडखळे. यंत्राच्या थाळीवर रबराची जाड चकती असते. ती तबकडीस घट्ट धरून ठेवते. जोसेफने तिच्या जागी लोकरी नमद्याची चकती बसविली. त्याची आई शिवणकाम करी. तिच्या जवळची खळ फवारून आणि इस्त्री फिरवून त्याने तो नमदा ताठ केला. आता थाळी खाली आपल्या वेगाने फिरत राही आणि तबकडी वर बोटांच्या आज्ञेत राही. दुसऱ्या यंत्रावरील तबकडी श्रोत्यांस ऐकू जाण्यापूर्वी आपल्या कानाशी ऐकता यावी, म्हणून त्याने एक खटकाही जोडला. हाताच्या चपळाईमुळे त्यास ‘ग्रँडमास्टर फ्लॅश’ असे नाव पडले.

इतक्या परिश्रमानंतर ही करामत त्याने प्रथम लोकांपुढे मांडली, तेव्हा लोक बेभान होऊन नाचतील अशी त्याची खात्री होती. घडले ते उलटेच. लोक नाचावयाचे सोडून स्तब्ध उभे राहिले आणि त्याच्या हातांकडे नुसते पाहत बसले. ताल एकदाही चुकला नव्हता. तरी मेळावा थंड पडला होता. घरी जाऊन तो रडला. ही हकीगत पुढे त्याने स्वतःच सांगितली आहे. परंतु त्या रडण्यातूनच त्यास दुसरा धडा मिळाला. कसब निर्दोष असणे ही अर्धी कला. ते समोरच्या माणसांपर्यंत पोहोचणे ही उरलेली अर्धी. मग त्याने श्रोत्यांस साद घालणारे, तालावर यमके जुळवून बोलणारे साथीदार बरोबर घेतले. मेळाव्यात पुन्हा जीव आला.

पुढचे पाऊल एका बारा वर्षांच्या मुलाने टाकले. थिओडोर लिव्हिंग्स्टन हा फ्लॅशच्या एका साथीदाराचा धाकटा भाऊ. 1975 च्या सुमारास तो घरी तबकड्या वाजवीत असता आवाज फार झाल्यामुळे आई दारात येऊन रागावू लागली. तिचे बोलणे ऐकताना त्याने फिरती तबकडी हाताने धरून ठेवली आणि ती नकळत पुढेमागे हलविली. सुईखालून एक खरखरीत, तरीही तालात बसणारा ध्वनी निघाला. असा ध्वनी पूर्वी कित्येकांच्या हातून निघाला असेल आणि त्यांनी तो दोष म्हणून सोडून दिला असेल. या मुलाने मात्र तो ऐकला. कित्येक महिने सराव करून त्याने तो ध्वनी आपल्या हुकमतीत आणला. यालाच ‘स्क्रॅच’ असे म्हणतात. त्या क्षणी तबकडी केवळ ऐकविण्याची वस्तू न राहता वाजविण्याची वस्तू झाली.

यंत्राची साथही या कलेस लाभली. पूर्वीच्या पुष्कळ यंत्रांत थाळी पट्ट्याने फिरत असे. तबकडी धरताच वेग मंदावे आणि सोडल्यावर तो पूर्ववत होण्यास वेळ लागे. 1972 साली जपानमधील मात्सुशिता कंपनीने ‘टेक्निक्स’ या नावाने असे एक यंत्र बाजारात आणले, की ज्यात विद्युत् चलित्र थाळीस थेट फिरवी. 1979 सालच्या सुधारित यंत्रात वेग आठ टक्क्यांपर्यंत कमीअधिक करणारी सरकती दांडी आली. समजा, चालू गाण्यात मिनिटास 112 मात्रा आहेत आणि पुढच्या गाण्यात 116 आहेत. पुढच्या गाण्याचा वेग सुमारे साडेतीन टक्क्यांनी कमी केला म्हणजे दोन्ही एका लयीत येतात आणि एक गाणे केव्हा संपले व दुसरे केव्हा सुरू झाले, याचा पत्ता नाचणाऱ्यास लागत नाही. घरात संगीत ऐकण्यासाठी बनविलेले हे यंत्र जगभरच्या डीजेंनी आपलेसे केले.

आज तबकडीचे काम पुष्कळदा संगणक करतो. दोन गाण्यांची लय जुळवून देणारी कळही त्यात असते. मग शिकण्यासारखे उरले काय? मुख्य ते सारे उरले आहे. नवशिक्या डीजेस प्रथम मात्रा मोजण्यास शिकावे लागते. बहुतेक नृत्यगीते चार-चार मात्रांच्या खंडांनी बांधलेली असतात. नवे गाणे खंडाच्या मध्येच घुसविले, तर लय जुळूनही ते कानास खटकते. एका कानाने सभागृहातील गाणे आणि दुसऱ्या कानाने पुढचे गाणे ऐकण्याची सवय त्यास करावी लागते. आपलेच वादन मुद्रित करून दुसऱ्या दिवशी त्यातील दोष शोधावे लागतात. आरंभी घरगुती समारंभ आणि मित्रमंडळींचे मेळावे हीच त्याची शाळा असते. तेथे मान वर करून माणसांकडे पाहण्यास जो शिकतो, तो पुढे जातो. कोणत्या गाण्याने पाय थबकले, कोणत्या गाण्याने वृद्ध माणसेही उठली, हे कोणतीही कळ त्यास सांगत नाही.

शैलीचेही तसेच आहे. प्रत्येक डीजे आरंभी कोणाची तरी नक्कल करतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु जुन्या तबकड्या धुंडाळता धुंडाळता, नाना देशांचे आणि नाना काळांचे संगीत ऐकता ऐकता, त्याची स्वतःची आवड घडत जाते. कोणते गाणे कोणत्या गाण्याशेजारी ठेवावे, कोठे थांबावे, कोठे शांतता राखावी, या निवडीतूनच त्याचा स्वभाव प्रकट होतो. माळेतील फुले माळ्याने निर्माण केलेली नसतात; तरी गुंफण त्याचीच असते. आवाज वाढविणे ही शैली नव्हे. ते तर कोणाही अजाण हातास साधते, आणि त्याने श्रोत्यांच्या कानांस व शेजाऱ्यांच्या निद्रेस मात्र इजा होते.

दुसऱ्याचे संगीत वाजविणे ही कला होऊ शकते काय, हा प्रश्न पुष्कळ वर्षे विचारला जात होता. 1981 साली फ्लॅशने तबकड्या हातांनी फिरवून आणि एकमेकींत गुंफून स्वतःची एक नवी ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. तिने या प्रश्नाचे उत्तर देण्यास आरंभ केला. 2019 साली स्वीडनमधील पोलर संगीत पुरस्कार त्यास देण्यात आला. त्याच वर्षी तोच पुरस्कार जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक अ‍ॅन-सोफी मुटर यांना मिळाला. व्हायोलिनच्या पंक्तीस ग्रामोफोन येऊन बसला!

हर्कने नाचणाऱ्यांचे पाय पाहिले, फ्लॅशने हर्कची चूक ऐकली आणि थिओडोरने आपल्याच हातून निघालेला खरखराट ऐकला. तिघांजवळही नवे असे काही नव्हते. तबकड्या जुन्या होत्या, यंत्रे साधी होती, खोल्या लहान होत्या. इतरांनी जे ऐकून सोडून दिले, ते त्यांनी पुन्हा ऐकले. आणि त्यातूनच एका मुक्या यंत्रास वाद्याची योग्यता आली.